विंगेतली बॅटरी

टीव्हीवर जाहिरात करून विकतात ती बॅटरी घ्यावी की नाही, हे आमच्या नात्यागोत्यात मला विचारतात. फ्रिज कोणता घ्यावा, सोनं कधी घ्यावं, यातलं काही कोणी मला विचारत नाही, पण बॅटरीचं काम माझ्याकडेच येतं. परवा वहिनीने मोबाइल माझ्या नाकासमोर धरला. "ताई, पाहा ना, पाण्यात टाकली तरी चालू राहते म्हणते." मी म्हटलं, "तू काय पाण्यात बसून भाकरी थापणार आहेस?" ती हिरमुसली आणि निघून गेली. मला मात्र मग दिवसभर दुसरं काही सुचलं नाही.

बॅटरी म्हणजे टॉर्च. आमच्याकडे हातात धरतात ती बॅटरी आणि तिच्या पोटात घालतात ते सेल. लोडशेडिंगच्या त्या वर्षांत घरात मीठ नसलं तरी चालायचं, बॅटरी लागायचीच. संध्याकाळी दिवे गेले की गोंदियाजवळच्या मुर्रीपासून आमच्या गावापर्यंतचा सगळा पट्टा काळा व्हायचा. दूर गोंदियाच्या बाजूला आभाळात थोडा उजेड दिसायचा आणि आम्ही त्या उजेडाला शिव्या द्यायचो.

मी तेव्हा गोंदियाचं कॉलेज संपवून घरी होते. सकाळी गावातल्या मुलांच्या शिकवण्या घ्यायची आणि दुपारी वीज असली तर टीव्ही पाहायची. दुपारच्या टीव्हीवर त्या जाहिराती. कोटातला एक गोरा माणूस, त्याचे ओठ एक बोलायचे आणि हिंदी दुसरंच ऐकू यायचं. तो बॅटरी छतावरून फेकायचा, तिच्यावरून ट्रक न्यायचा, ती बर्फात गोठवायचा. मग एक बाई साधी बॅटरी घेऊन अंधारात अडखळायची आणि घरात मयत झाल्यासारखी रडायची. अगं बाई, भिंतीला हात लावून चाल की! मी टीव्हीशी भांडायची आणि माय स्वयंपाकघरातून हसायची. मला त्या कोटवाल्याचा मनापासून राग होता. असला माणूस आमच्या दारात आला असता तर मी त्याला उभाही केला नसता.

त्याची बॅटरी आमच्या घरात आली ती बाबूजींमुळे.

बाबूजी म्हणजे माझे वडील. थोडी धानाची शेती आणि घराच्या पुढच्या खोलीत किराणा दुकान. घरात आम्ही पोवारीच बोलतो, पण इथे मी सगळ्यांना कळेल अशा बोलीत सांगते. बाबूजी फार कमी बोलायचे. गिऱ्हाइकाने साखर मागितली की साखर द्यायचे, हवापाण्याच्या गप्पा नाहीत. पण वर्षातून एकदा हाच माणूस प्रेमाचं, भांडणाचं, रडण्याचं असं सगळं एका बैठकीत बोलायचा, आणि तेही कुजबुजत. कारण बाबूजी गावच्या नाटकाचे प्रॉम्प्टर होते.

दिवाळी झाली की आमच्या पूर्व विदर्भातल्या झाडीपट्टीत गावोगाव मंडई भरते. दिवसा बाजार, पाळणे, माहेरी आलेल्या लेकी, पाहुण्यांनी फुगलेली घरं. अंधार पडला की नाटक. आमच्याकडे नटाला पाठांतर नसतं. कापणीच्या दिवसांत वाक्यं पाठ करायला कोणाला सवड आहे? विंगेतून प्रॉम्प्टर वाक्य देतो, नट ते झेलतो आणि हात वर करून लोकांत फेकतो. हे लोकांनाही ठाऊक असतं, त्यात कोणाला काही वावगं वाटत नाही. फक्त वाक्य नटाला ऐकू आलं पाहिजे आणि समोरच्या रांगेला नाही, आणि नेमक्या श्वासाला आलं पाहिजे. त्यात बाबूजींचा हात धरणारा आसपासच्या गावांत नव्हता. दुसऱ्या दिवशी रंग उतरवलेले नट दुकानात येऊन त्यांच्या पाया पडायचे. बाबूजी "बस, बस" म्हणायचे आणि उगाच तराजू पुसत बसायचे. त्यांची दिवाळी तेव्हा व्हायची.

आमची विंग म्हणजे बांबूला ताणून बांधलेल्या जुन्या साड्या. तिथे स्टेजचा उजेड पोचत नाही, म्हणून प्रॉम्प्टरला बॅटरी लागते. बॅटरीच्या काचेवर बाबूजी आपला रुमाल बांधायचे, म्हणजे उजेड फक्त पानावर पडावा, राजाच्या कानावर नाही. लहानपणापासून मी बायकांच्या बाजूला, डाव्या विंगेसमोर बसायची. साडीतून एक पिवळा ठिपका दिसायचा. मैत्रिणी नायकाकडे बघायच्या, मी ठिपक्याकडे. तिथे माझे बाबूजी आहेत याचा मला केवढा गर्व होता, आता काय सांगू.

त्या वर्षी दसऱ्यानंतर शाळेच्या व्हरांड्यात तालमी सुरू झाल्या आणि बाबूजी अडकायला लागले. वाक्य अर्धं यायचं. एका नटाचं वाक्य दुसऱ्याला जायचं. थोरल्या भावाने म्हणायचं ते धाकट्या सुनेने म्हटलं आणि सगळा व्हरांडा हसून लोळला. बाबूजींनी बॅटरी तळहातावर आपटली. "सेल उतरले," म्हणाले. नवे सेल आले. मग म्हणाले, बॅटरीच जुनी झाली. गोंदियाच्या बाजारातून स्टीलची नवी आली. तिच्यावरही वाक्य चुकलं. "दम नाही इच्यात," बाबूजी म्हणाले.

आमच्या नाटकमंडळाचे नायक म्हणजे आमच्या घरासमोरचे काका. राईस मिलमध्ये मुकादम, पोत्यासारखी छाती, माईक लाजेल असा आवाज आणि पाठांतर शून्य. इतकी वर्षं ते बाबूजींच्या जिभेवर नायक होते. तेच एका संध्याकाळी दुकानात आले, बराच वेळ गुळाच्या ढेपेकडे पाहत उभे राहिले आणि मग म्हणाले, "दादा, यंदा शाळेतल्या नव्या गुरुजीले बसवू का विंगेत? तुमी समोर बसून आरामानं पाहा जी नाटक."

बाबूजी म्हणाले, "बॅटरी नवी मागवून राहिलो मी. ते येऊ दे."

"मंग ठीक आहे," काका म्हणाले. "पन आली पाह्यजे बरं. मंडईले लोक येतेत बाहेरगावचे."

त्या दिवशी बाबूजी जेवले नाहीत. पोट भरलं आहे म्हणाले, पण पोट कशाने भरलं ते आम्हाला दिसत होतं. माय ताट झाकून तशीच बसून राहिली.

दुसऱ्या दिवशी दुपारी बाबूजी टीव्हीसमोर येऊन बसले. कोटवाला ट्रक चालवत होता. बाबूजींनी मला नंबर लिहून घ्यायला सांगितला. मी कपाळावर हात मारला. "बाबूजी, फसवतात हे लोक! यांच्या तोंडाला अन् शब्दाला मेळ नाही, बॅटरीला काय असणार?" ते म्हणाले, "तू लिही." मी लिहिला. दुकानातल्या फोनवरून त्यांनी स्वतः ऑर्डर दिली, हिंदीत, तालमीत देतात तशा हळू आवाजात.

पार्सल पोस्टाने आलं. आत दोन बॅटऱ्या, एकावर एक फ्री. स्टीलसारखा रंग दिलेलं प्लास्टिक, हातात घेतलं तर खराट्याच्या काडीइतकं हलकं. पण खोटं कशाला बोलू, उजेड चांगला होता. संध्याकाळी आम्ही ती तलावाच्या पाळीवर नेली. पलीकडच्या काठावरच्या झाडावर बगळे झोपायला आले होते, उजेड पडला तसे ते कलकलायला लागले. मी म्हटलं, "अगा माय, पोचला की!" बाबूजी तिकडे पाहत उभे राहिले. मग बॅटरी बंद केली आणि म्हणाले, "दम नाही."

मला तर तेच हवं होतं! बगळे माझ्या डोळ्यांसमोर कलकलले होते, पण कोटवाल्यावरचा राग बगळ्यांपेक्षा मोठा होता. आणि बाबूजी दम नाही म्हणाले म्हणजे दम नाही, त्यात काय बघायचं? मी कंपनीला फोन लावला आणि तिकडच्या मुलीशी हिंदीत अशी भांडले की दुकानात गिऱ्हाईक जमा झालं. "मैडम, हमारे बाबूजी को अक्षर नहीं दिखते इसमें, क्या काम की?" ती बिचारी मॅडम मॅडम करत राहिली. शेवटी त्यांनी दुसरी पाठवायचं कबूल केलं. गावभर माझं नाव झालं, पोट्टीने कंपनीला झुकवलं म्हणून. दुसरी आली. बाबूजींनी तिच्याही काचेवर रुमाल बांधला, तालमीला गेले आणि पुन्हा तसेच अडकून परत आले.

मग दिवाळीच्या तोंडावर एक दिवस मी गोंदियाहून कपडे घेऊन भर दुपारी घरी आले. दुकानाचं दार लोटलेलं होतं. मागच्या अंगणात आले आणि चप्पल हातात तशीच राहिली.

अंगणात ऊन असं की धुणं धुवायच्या दगडावर पाय ठेववत नव्हता. त्या उन्हात बाबूजी बाजेवर बसले होते. मांडीवर नाटकाची वही, वहीवर नाक टेकेल एवढं डोकं वाकलेलं आणि हातात बॅटरी. चालू. भर दुपारी, सूर्याखाली. शेजारी माय सुपात तांदूळ निवडत होती आणि मधेमधे दुसऱ्या एका वहीत पाहून, बोट ठेवत, अडखळत वाचत होती. मायचं शिक्षण चौथीच्या पुढे गेलेलं नव्हतं. ती वाचायची, "या घराच्या भिंती मी माझ्या हाताने..." आणि बाबूजी डोळे मिटून तेच कुजबुजायचे. "पुन्हा," म्हणायचे. ती पुन्हा वाचायची.

मायने मला पाहिलं आणि नुसती मान हलवली. मी पाय न वाजवता घरात गेले आणि पाणी न पिताच माठाजवळ बसले.

ती आत आल्यावर मी तिच्या अंगावरच गेले. "काय चाललंय हे?"

"हळू बोल," माय म्हणाली. "काचबिंदू आहे. उन्हाळ्यात धानाचं बी आणायला म्हणून गेले होते ना, तेव्हा डॉक्टरकडेच गेले होते. जेवढं गेलं तेवढं परत येत नाही म्हणे. थेंब टाकून उरलेलं वाचलं तर वाचलं. अक्षर तर गेल्यातच जमा आहे."

"मग मला काऊन नाही सांगितलं? मी त्या कंपनीशी, त्या मुलीशी..."

"मंडई होईपर्यंत कोणाला सांगू नको म्हणाले. तुलाही नाही." मायने सूप खाली ठेवलं. "बॅटरी खराब झाली हे लोकांना सांगता येते, बाई. डोरे खराब झाले कसं सांगायचं? गुरुजी बसला विंगेत की हा माणूस उठणार नाही पुन्हा. मी ओळखते त्याला."

मी रडले. भरपूर रडले, नाक पुसलं आणि मायच्या हातातली वही ओढून घेतली. ती वही म्हणजे मायने पूर्ण नाटकाची स्वतः उतरवून काढलेली नक्कल होती, चौथीच्या अक्षरात, रफारांची सगळी वाट लागलेली. "तू अशी वाचलीस तर पुढच्या दिवाळीला पाठ होईल," मी म्हटलं आणि अंगणात गेले. बाबूजींनी पावलांवरून ओळखलं. हातातली बॅटरी विझवली. मी नुसतं वाचायला लागले. सासूचं सासूसारखं, दारुड्याचं दारुड्यासारखं. थोड्या वेळाने बाबूजी म्हणाले, "धाकटी सून अशी नाही बोलत, जरा लाडात बोलते." मी लाडात वाचलं. मायला हसू आवरेना.

मग तोच धंदा झाला. दुकानात गिऱ्हाईक नसलं की मी वाचायची, दुपारी माय वाचायची. बाबूजी धान कापायला मजुरांसोबत उभे असले तरी त्यांचे ओठ हलत असायचे. मजूर म्हणायचे, शेठ मंत्र म्हणून राहिले. बाबूजींचं डोकं म्हणजे कोठार होतं, नुसतं कोणी त्यात आजवर हात घातला नव्हता. वाक्यंच नाही, कोण कुठून येतो, कोण कुठे रडतो, सगळं आत गेलं.

शेवटच्या तालमीला मी मुद्दाम गेले. बाबूजींनी वही उघडली, रुमाल बांधलेली बॅटरी पानावर धरली आणि पहिल्या वाक्यापासून शेवटच्यापर्यंत नाटक दिलं. कुठे खंड नाही. पानंसुद्धा अंदाजाने उलटत होते, कधी लवकर, कधी उशिरा, पण ते पाहायला कोणाला भान होतं? काका नाचायचेच बाकी राहिले. "दादा, हे बॅटरी होय! सांगत होतो ना मी?" गुरुजींनीही बॅटरी हातात घेऊन उलटीसुलटी पाहिली. दुसऱ्या दिवशी आमच्या दुकानात लोक कंपनीचा नंबर मागायला आले. आता घ्या! ज्या बॅटरीला मी गावभर शिव्या घातल्या होत्या, तिची तारीफ मलाच करावी लागली. "हाव जी, भल्ली उजेडाची आहे," मी म्हणायची आणि आतून कुढायची. कोटवाल्याने आमच्या गावात जेवढा माल विकला तो माझ्या तोंडाने विकला.

मंडईच्या दिवशी घरात पाय ठेवायला जागा नव्हती. अंधार पडला, पडदा वर गेला. मी डाव्या विंगेसमोर बसले. साडीतून पिवळा ठिपका दिसत होता. पहिला अंक असा रंगला की बायका पदराने डोळे पुसायला लागल्या. काका घराच्या भिंतीला धरून बोलले तेव्हा टाळ्या थांबेनात. मी मात्र त्यांच्या वाक्याच्या आधी, साडीमागे, तेच वाक्य हळूच म्हटलेलं ऐकत होते. ऐकू येत नव्हतं, पण मला पाठ होतं, म्हणून मी ऐकत होते.

दुसऱ्या अंकात ठिपका थरथरला आणि विझला.

ती प्लास्टिकची रांड, हलकी, दम नसलेली! इतके दिवस तिची काही चूक नव्हती तेव्हा आम्ही तिला नावं ठेवली, आणि आता जिथे नुसतं पेटून राहायचं होतं तिथे खरोखरच मेली. बाबूजी थांबतील, झटकतील, काहीतरी करतील म्हणून मी वाट पाहिली. नाटक चालू होतं. सुनेने वाक्य झेललं, सासूने झेललं. तेव्हा माझ्या लक्षात आलं. बॅटरी विझली आहे हे बाबूजींना कळलंच नव्हतं. साडीमागे काळोखात ते वही धरून बसले होते, पानं उलटत होते, वाक्यं देत होते. विंगेत कोणी डोकावलं की संपलं. मी उठायला गेले, पण समोर लेकरं, बायका, चटया. मागून कोणीतरी ओरडलं, "बस ना वं, दिसून नाही राहिलं!"

आणि काका डायलॉग संपवून डावीकडे गेले. त्याच विंगेत.

मी डोळे मिटले. किती वेळ ते ठाऊक नाही. नाटक थांबलं नाही, कोणाचा आवाज चढला नाही. डोळे उघडले तर साडीमागे ठिपका पुन्हा लागलेला होता, पण आता जरा वर होता, उभ्या माणसाने हातात धरल्यासारखा. मग तो हळूहळू खाली आला, वहीच्या जागी थांबला आणि तिथेच राहिला. काका उशिरा स्टेजवर आले. त्या प्रवेशात ते पहिल्यांदा अडखळले, वाक्य कानावर येऊनसुद्धा. लोकांना वाटलं अभिनय आहे, कारण प्रसंग रडण्याचा होता.

दुसऱ्या दिवशी नट पाया पडायला आले. काकाही आले, वाकले, आणि बॅटरीबद्दल एक शब्द बोलले नाहीत. बाबूजी तराजू पुसत होते, खूश होते. मला वाटलं, काका आता गावात बोलतील. मी त्यांच्या दाराकडे दिवसचे दिवस लक्ष ठेवलं. त्यांनी ताकास तूर लागू दिली नाही.

पुढचं वर्ष तसंच गेलं. बाबूजींच्या डोळ्यांत थेंब पडत होते आणि तरी उरलेलं जात होतं. दुकानात माय बसायला लागली. मंडईचं नाव घरात कोणी काढत नव्हतं.

नाटकाची वही आमच्याकडे नेहमी दसऱ्याला यायची. त्या वर्षी पोळाही व्हायचा होता, धानाचे रोवणे नुकते आटपले होते, आणि एका सकाळी काका दारात आले. काखेत वही. बाबूजी समोरच बाजेवर, काकांपासून दोन हातांवर, दाराकडे तोंड करून बसले होते. काकांनी वही त्यांच्याकडे नेली नाही, माझ्या हातात दिली आणि आवाज अगदी खाली आणून म्हणाले, "यंदा लवकर आनली बाई. पाठ व्हाले येळ लागते." मग खिशातून सेलची जोडी काढून वहीवर ठेवली. "अन् हे नवे टाक. बॅटरी चालू दिसली पाह्यजे."

मी सेल मुठीत धरले.

"कोन होय वं?" दिवसाउजेडी, समोर उभ्या माणसाकडे पाहत बाबूजींनी मला विचारलं.

काका त्यांचा स्टेजवरचा आवाज काढून म्हणाले, "मी होय जी दादा! नाटक आलं यंदाचं."

बाबूजी सरळ होऊन बसले. "आन मंग," ते म्हणाले, "आन, पाहू दे." आणि मला म्हणाले, "बॅटरी आन वं."